खाचेतलं कुंकू

२८ ऑक्टोबर १९५५

शाफ्ट फिरला! कटर लोखंडात शिरला, कर्र आवाज झाला आणि गोल दांडा जागच्या जागी वळला. जिथे चाक दांड्याला अडकवणाऱ्या चावीची सरळ खाच पडायची, तिथे वाकडातिकडा ओरखडा. यांनी पट्टा सरकवून मशीन थांबवलं. मी चहा घेऊन दारातच उभी.

शेलूबाजारच्या जिनिंगचं काम हे. कापूस यायला लागलाय, आणि हा शाफ्ट बसल्याशिवाय तिथलं एक चाक हलायचं नाही. दुसरा दांडा आहे — पण तो शेवटचा.

यांनी दांडा काढला, खालच्या ठोकळ्यात बोट फिरवलं, चिंधीला पुसलं. मग म्हणाले, "माह्या मुठीत जोर नाई राह्यला आता. क्लॅम्प आवळलाच गेला नसंल."

सैफुद्दीन वीस वर्षं यांच्या हाताखाली आहे, तो गप्प बसणारा नाही. "काय भाऊ! पाना असा ओढला का मले वाटलं बोल्ट तुटते! ते तं —"

"तू चूप बस."

चहा थंड झाला. पुन्हा ऊन करून दिला.

३० ऑक्टोबर

म्हणतात, मशीन विकू. "मालेगावच्या जमशेदले देऊन टाकतो. तो कवाचा मागून राह्यला. आपुन मोतीकडे जाऊ, नागपूरले."

मोती आमची लेक. तिच्या गच्चीवरून माझ्या शाळेचं आवार दिसतं! तो लांब व्हरांडा, ती घंटा, संत्र्याच्या सालींचा वास लागलेले आमचे हात, आणि सिस्टर ॲग्नेस — उंच, खडूनं पांढरी झालेली बोटं. शाळा संपली तेव्हा रडले होते. मग वडील नोकरीला होते त्या स्टेशनच्या पंपाचा शाफ्ट बसवायला एक दौलतसिंग मिस्त्री आले, वडिलांना आवडले, आणि मी वाशीमला आले. तक्रार नाही. कधीच नव्हती. पण घंटेचा आवाज अजून ऐकू येतो, हेही खरं.

दुपारी तूर निवडताना गुणगुणत होते म्हणे. हे बघत होते.

"काय वं, खूश दिसून राह्यली."

"छे हो."

"छे कशी! तोंडावर लिवलं हाय."

३१ ऑक्टोबर

ट्रंकेतली निळी साडी उन्हात घातली. नागपूरला नेसायची. विरली नाही अजून!

२ नोव्हेंबर

उद्या जमशेद मशीन बघायला येणार, म्हणून वर्कशॉप झाडायला गेले. व्हीचे ठोकळे पोत्यात गुंडाळावेत म्हणून उचलले. दोन जड, जुळे ठोकळे. वरच्या अंगाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच. गोल दांडा सपाट जागेवर कधी स्थिर राहत नाही. या खाचांत ठेवला, वरून क्लॅम्प आवळला, की दोन्ही उतारांनी आणि वरून असा तिन्हीकडून धरला जातो. नवी नवरी असताना यांनी समजावलं होतं. मी म्हटलं, अहो, ही तर आमच्या सिस्टरांची भूमिती! वर्तुळ आणि दोन स्पर्शरेषा!

"असंल," म्हणाले. "आमी याले पाळणा म्हणतो."

ते आठवून हसत होते आणि सहज खाचेत बोट घातलं. लाल! तेलकट, लाल!

खंडेनवमीला वर्कशॉपमधलं हत्यार न् हत्यार देवापुढे मांडते मी. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून करडीच्या तेलात कालवून लावते. यंदा ठोकळे परत देताना वरवर पुसले. आत खोल कोण बघतं! दांडा तेलावर बसला होता — मग फिरणार नाही तर काय करेल! यांच्या हाताचा जोर कुठेच गेलेला नाही.

धावत जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ठोकळा तसाच ठेवला आणि घरात आले. पदराच्या एका पुसण्यात कुंकवाची खूणच मिटली असती, यांना कधी कळलं नसतं. नागपूर, मोती, ती घंटा...

ओसरीवर हे पाने पुसत होते. एकेक पाना, दात्यांत चिंधी घालून, मग उजेडात धरून बघायचा. उद्या दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू कोणी इतक्या मायेनं पुसतं?

३ नोव्हेंबर

सांगितलं! सकाळी यांचं बोट धरून खाचेत घातलं. "अहो, तुमचा हात नव्हे. माझं तेल!"

"अरे बापा!" हे केवढ्यानं म्हणाले! "हे तं म्या पाह्यलंच नाई!" आणि हसत सुटले. सैफुद्दीन भिंतीकडे तोंड करून खोकत होता.

जमशेद आला, त्याला चहा दिला. "मशीन नाई देत," हे म्हणाले.

"वा दौलतभाऊ! मले मालेगावाहून हवा खायले बोलावलं काय?"

"हवा खाय, चिवडा खाय. मशीन नाई."

मग गरम पाण्यात सोडा घालून मीच ठोकळे घासले. उन्हात वाळवले. शेवटचा दांडा पाळण्यात बसला. क्लॅम्पखाली तांब्याची पातळ पट्टी. यांनी पाना ओढला, कपाळावरची शीर फुगली. कटर शिरला. मी मारुतीचं नाव घेतलं आणि सवयीनं क्रॉसही केला! दांडा हलला नाही. पट्टीनं रेघ आखावी तशी खाच पडली. यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड असं उजळलं, जसं मोती झाली तेव्हा.

निळी साडी घडी करून ट्रंकेत. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

सैफुद्दीन शेलूबाजारला शाफ्ट पोचवून आला. जिन सुरू झाली! माठातलं पाणी पिता पिता म्हणाला, "भाभी, भाऊले सांगू नका. त्याईनं पह्यल्याच दिशी पाह्यलं होतं. बोटाले कुंकू लागलं तं मले दाखवलं. मंग म्हणे, चूप राह्य. तिले नागपूरले जायाचं हाय, अन् ते जलमभर तोंडानं म्हणणार नाई."

निळी साडी काढली. नेसून वर्कशॉपमध्ये चहा घेऊन गेले.

"कुठं निघाली वं?"

"इथेच," म्हटलं.