पाटीवरच्या एका ‘स्व’विषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय मोटारींच्या संग्रहालयात पाट्या लिहिणे व तपासणे, आज हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय, आणि परवा डॉक्टर ते उघडून बघणार आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी शेजारी बसून “आवरा आता” म्हणते आहे, पण त्याला कायदा दडपण म्हणत नसावा. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील ठेव पत्नीला. माझी पुस्तके काढून तिने तिथे काय ठेवावे हा सर्वस्वी तिचा प्रश्न. फक्त माळ्यावरचा पंखा थोरल्या बंधूंना द्यावा. अकरा वर्षांपूर्वी तो त्यांनी स्वतः दुरुस्त केला, तेव्हापासून तो फिरलेला नाही.

कलम २. संस्कृत कोश, दोन खंड, संग्रहालयाच्या संचालकांना. ‘स्व’ या शब्दाचे पान दुमडून ठेवले आहे. कारण पुढे येते.

कलम ३. बैठकीच्या खोलीतला लाकडी साचा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

इथली पहिली मोटार ज्या गृहस्थांनी बनवली, त्यांना संग्रहालयात ‘संस्थापक’ म्हणतात. मीही म्हणतो. इंजिन त्यांचे, आराखडा त्यांचा, हिंमतही त्यांचीच. पण त्या गाडीचा सगळा पत्रा माझ्या वडिलांनी सात महिने ठोकला, आणि मडगार्डाला बाक दिला तो या साच्यावर. डाव्या कानाने त्यांना पुढे जन्मभर कमी ऐकू येई, ते त्या ठोकाठोकीमुळे. संस्थापक मोकळा माणूस. ते स्वतःच हसून सांगत, “पत्रेभाऊ, मी कात्री धरली तर गाडीऐवजी बादली होईल.”

आता संग्रहालयात मेणाचे संस्थापक हातोडा घेऊन उभे आहेत. हातोडा धरलाय असा, की जणू आमटी वाढताहेत. हातांवर एक ओरखडा नाही. दाराशी त्यांच्या मिशा छापलेले कप विकायला ठेवलेत. रोज सकाळी त्या पुतळ्यासमोरून जाताना मला मळमळते. याचा हृदयाशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे.

गाडीची पाटी मी लिहिली होती: ‘संस्थापकांची हस्तनिर्मित पहिली मोटार’. हात कोणाचे, ते लिहिले नाही. आपल्याच बापाचा उल्लेख करायला संकोच वाटला. संचालकांनी ‘हस्त’च्या आधी ‘स्व’ जोडला. मुद्रित तपासायला माझ्याकडेच आले. त्यात ‘निर्मीत’ असे दीर्घ छापले होते. तेवढे मी लाल शाईने ऱ्हस्व केले, छापखान्यातल्या जुळाऱ्याची मनातल्या मनात कीव केली आणि खाली झोकात सही केली. वेलांटी दिसली, बाप दिसला नाही.

उद्घाटनाला वडील, म्हणजे आमचे अण्णा, आले. चौथीपर्यंत शिकलेले. पाटीवरून बोट फिरवत त्यांनी सगळे वाचले.

“हे तू लिहिलंस?”

“हो, अण्णा.”

“अक्षर छान आलंय.”

मग ते मडगार्डाकडे वळले आणि त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात पहारेकरी ओरडला, “ओ आजोबा, हात नाही लावायचा!” अण्णांनी हात खिशात घातला. त्यानंतर चार वर्षे ते जगले, पण त्या इमारतीत पुन्हा गेले नाहीत.

‘स्व’ काढा, म्हणून मी अकरा अर्ज केले. दर वेळी संचालक फाइल उघडून तेच मुद्रित दाखवतात. “पंडितजी, सही तुमचीच आहे की!”

गेल्या आठवड्यात ते माझ्या प्रकृतीची चौकशी करायला आले. नजर मात्र साच्यावर. ‘स्थानिक वारसा’ नावाचे नवे दालन निघते आहे, त्यात तो हवा होता.

“घरात काय, धूळच खाणार हो.”

“देतो. ‘स्व’ काढा.”

“दोन अक्षरांसाठी एवढं काय धरून बसलात?”

“एकच आहे. जोडाक्षर.”

“पितळी पाटी आहे, पंडितजी. विश्वस्तांची बैठक घ्यावी लागेल.”

जाताना ते नव्या पाटीचा मजकूर माझ्याकडे तपासायला ठेवून गेले: ‘लाकडी ठोकळा. वापर अज्ञात.’ शुद्धलेखनात एकही चूक नाही. इतक्या शुद्ध मराठीची मला आयुष्यात पहिल्यांदाच किळस आली.

म्हणून साचा माझ्या भाचीला. ती गाड्यांचे पोचे काढते आणि त्यात तिचा हात धरणारे जवळपास कोणी नाही. तिला विचारले तर म्हणाली, “मामा, मी काचेत नाही ठेवणार हं. वापरणार.”

“वापर.”

“फुटला तर?”

“तर दुसरा कर. तुझ्या आजोबांनी हा कुठून आणला होता?”

कलम ४. त्या मुद्रितावरची माझी सही. दुसऱ्याच्या ताब्यात असलेली माझी ही एकच मिळकत. ती मी या दस्ताने मागे घेतो. पाटी अशी वाचावी: ‘संस्थापकांची पहिली मोटार. पत्राकाम पत्रेभाऊंचे.’ माझ्या मृत्यूनंतर भाचीने, या मृत्युपत्राची व्यवस्थापक या नात्याने, या कलमाची नक्कल संग्रहालयाच्या अभिप्राय-वहीत पहिल्या पानावर चिकटवावी.

हे कलम मी पत्नीला वाचून दाखवले. तिने चष्मा काढला.

“मेल्यावर कशाला? उद्या संग्रहालय उघडं आहे ना?”

“आहे.”

“मग सकाळीच जाऊ. ऑपरेशन परवा आहे. आणि वहीत कोण बघतंय? पाटीवरच चिकटवू.”

सबब कलम ४ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर भाचीने’पासून शेवटपर्यंतचा मजकूर रद्द समजावा. खाडाखोड माझी आहे, तिच्याशेजारी मी सही केली आहे. नक्कल काढून झाली. पत्नी कणकेची खळ शिजवते आहे.

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळ-दुरुस्तीवाले (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
या दोघांना यातले काही मिळणार नाही. तशी खात्री त्यांनी दोनदा करून घेतली.

स्थळ: राहते घर, बैठकीची खोली
दिनांक: १४ मार्च २०२३, मंगळवार

(सही)
पत्रेभाऊंचा धाकटा