मगरींना खाऊ नये

ती. वन्संना,

रागात असले तरी वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? माझं डोकं ठणकतंय, आणि त्याला कारण तुम्ही.

पाणथळीचं ते राष्ट्रीय उद्यान बघून या, त्याचं मन रमेल, हे तुमचेच शब्द. (आपलं दुकान फ्लेक्सवाल्याला विकायचं ठरल्यापासून तुमचे बंधुराज तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, हे खरं. पण जन्मभर हाताने पाट्या रंगवलेल्या माणसाला पाठवताना तिथेही पाट्या असतील, एवढं तुम्हाला सुचू नये?)

तर गेलो. खाली चिखल, वर डास, मधून फळ्यांची वाट. पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला, चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी चिखल ढवळताहेत, लोक फोटो काढताहेत. आणि यांची नजर कुठे? पाटीवर! मूळ मजकूर होता 'मगरींना खाऊ घालू नये'. त्यातला 'घालू' ऊनपावसाने पार उडालेला. उरलं काय, 'मगरींना खाऊ नये'. सगळे खो खो हसलो. हे नाही हसले. यांनी खिशातून ब्रश काढला (सहलीला ब्रश! वर काळ्या रंगाची डबी!) आणि मी अहो अहो करेपर्यंत कठडा ओलांडून खाली. 'घा' होतोय न होतोय तोच शेजारच्या ओंडक्याने डोळा उघडला. वन्सं, मी अशी किंचाळले की झाडावरचे सगळे बगळे उडाले. मगर यांच्याकडे बघून कंटाळली आणि पाण्यात सरकली. आणि हा माणूस मला म्हणतो, "हळू ओरड, काना वाकडा झाला."

रक्षक धावत आला, यांना यथेच्छ झापलं, मग पाटी वाचली आणि साहेबांना बोलावून आणलं. साहेब म्हणाले, आमच्या निम्म्या पाट्या अशाच उडाल्यात. झालं! मला एकटीला बसमध्ये बसवलं आणि स्वारी तिथेच राहिली, रक्षकांच्या खोलीत. फोन केला की अजगराच्या पाटीवरची वेलांटी ऐकायची. इकडे फ्लेक्सवाला रोज दारात, सही कधी म्हणून. त्याला काय सांगू, मालक मगरींचं शुद्धलेखन सुधारताहेत? तुम्ही मोठ्या बहीण आहात. त्यांना चांगलं फैलावर घ्या आणि सहीपुरतं तरी घरी धाडा. माझं ऐकतील तर शपथ!

तुमची,
कपाळाला हात लावून बसलेली भावजय

ता. क. फैलावर घ्या, पण आजच नको. काल फोनवर बोलता बोलता शीळ घालत होते. किती दिवसांनी ऐकली!

ता. क. तुमच्या गल्लीत चांगल्या केसांचे ब्रश मिळतात ना? थोडे उद्यानाच्या पत्त्यावर पाठवा. माझं नाव काढू नका.

ता. क. एवढं लिहीपर्यंत फ्लेक्सवाला परत आला होता. हाकलून दिला. दुकान विकायचं नाही म्हणून सांगितलं. यांना हे तुम्हीच कळवा. मी सांगायला गेले तर मला रडू येईल, आणि मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे.