अजानीचा जबाब

अब्बा, तुम्हाला आणि अम्मीला माझा सलाम.

अजाननंतर मागितलेली दुआ रिकामी परत फिरत नाही, म्हणतात. मग तेव्हा एखाद्याचं वाटोळं मागितलं, तर तेही मिळतं का? एवढी शिकले, पण याचं उत्तर मला येत नाही.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. रक्ततपासणीच्या लॅबमधलं कामही चांगलं चाललंय. फक्त साहेबांशी बिनसलंय. अजान ऐकली की तुम्ही शिलाई मशीन थांबवून तेच शब्द हळूच म्हणत जबाब देता ना, तशी मीही हातातली नळी खाली ठेवते. तर साहेब म्हणतात, "काय मॅडम, पदवी घेतलीत तरी पुटपुटणं सुटलं नाही?" ते मी हसण्यावारी नेलं.

पण सोमवारी दोन पेशंटच्या नळ्यांवरची लेबलं बदलली गेली आणि साहेबांनी मालकांना सांगितलं, "हिचं लक्ष अजानीत होतं." अब्बा, कामाच्या वेळेतली पहिली अजान दुपारी दीडला होते. लेबलांवर वेळ सकाळी अकराची आहे आणि अक्षर साहेबांचं. मालक मला काढायला निघाले होते.

तीन दिवस या माणसाचं तोंड काळं व्हावं, एवढंच मनात होतं. आज अजान झाली, जबाब दिला, हात उचलले आणि दुआ अम्मीच्या गुडघ्यासाठी मागितली. दुखणं कमी आहे का?

साहेबांसाठी अल्लाहला तसदी दिली नाही. लेबलांचे फोटो जोडून तक्रार लिहिली आणि मालकांपुढे, सगळ्यांच्या देखत वाचली. वेळेची ओळ मुद्दाम दोनदा वाचली.

तुमची थोरली