अक्रोडाच्या टेबलावरचा डाग

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा झाडांची छाटणी, त्यांच्या दुखण्याखुपण्याचा इलाज आणि पडलेल्या झाडांच्या लाकडाचे फर्निचर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी तपासून माझे डोके शाबूत असल्याचा दाखला दिला. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जो आहे तो सत्तावीस वर्षे जुना आहे आणि त्याचा हिशेब कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर, खालच्या दोन खोल्या, वरची एक आणि मागचे अंगण, तसेच बँकेत जे काही निघेल ते, माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिची आई गेल्यापासून नऊ वर्षे तिनेच माझे सगळे केले. स्वयंपाकघराचे दार दमट हवेत फुगते. त्याला रंधा मारून घे असे मी तिला दर वर्षी सांगतो आणि ती म्हणते, "बाबा, घरात सुतार असताना मी बाहेरचा बोलावू का?" तिचे बरोबर आहे. ते दार तसेच राहिले.

कलम २. कारखान्यात बनून पडलेल्या वस्तू, म्हणजे चार स्टुले, एक पाळणा आणि एक पाय आखूड झालेले कपाट, ज्याला हवे त्याने न्यावे. कपाटाखाली पुठ्ठा घालावा लागेल. नेणाऱ्याने नंतर माझ्या नावाने खडे फोडू नयेत.

कलम ३. करवती, चढायचे दोर, कमरपट्टा आणि खोड वाजवून बघायची लाकडी हातोडी माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला. हे वाचून मुलीच्या भुवया वर जातील. आमचे सत्तावीस वर्षे बोलणे नाही. नातेवाईक समजतात की त्याने माझे काहीतरी वाकडे केले. मी तसे कधी म्हटले नाही. पण कोणी म्हटले तर गप्प बसलो, आणि तेही खोटे बोलणेच झाले.

तो माझ्यापेक्षा चांगला चढायचा. आमचा एक नेम होता. कोणीही चढण्याआधी खाली उभ्या असलेल्याने विचारायचे, "दोर?" आणि चढणाऱ्याने गाठीला हात लावून सांगायचे, "बांधला." हात न लावता "बांधला" म्हणायचे नाही. बारा वर्षे आम्ही हा नेम पाळला आणि दोघेही कधी पडलो नाही.

कलम ४. जेवणाचे टेबल. याबद्दल जरा लांबण लागेल.

कोपऱ्यावरच्या घरात एक शिक्षिका राहतात. माझ्या मुलीला वाचायला त्यांनी शिकवले. त्यांच्या अंगणात अक्रोडाचे झाड होते. त्याच्या खोडात लोखंडी कडी ठोकून त्यांनी मुलासाठी झोका बांधला होता. मुलगा मोठा होऊन दूर गेला, झोका निघाला, कडी खोडाने हळूहळू गिळून टाकली. एका वर्षी वरची फांदी वाळली म्हणून बाईंनी आम्हाला बोलावले. "एवढी फांदी बघता का?" म्हणाल्या.

मी फांदी बघितलीच नाही. मी खोड बघितले. नऊ फूट सरळ, गाठ नाही, कवेत मावत नाही असे. मला हाव सुटली. याला दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

मेहुणा वरून ओरडला, "भाऊजी, झाड ठणठणीत आहे! ही वाळकी तेवढी काढली की झालं." मी हातोडीने खोड वाजवले. भरीव आवाज आला. गिरमिटाने बुंध्याला भोक पाडले. ताजा, ओलसर कीस आला. पण माझ्या खिशात आदल्या दिवशीच्या एका खरोखर पोकळ झाडातली कुजकी भुकटी होती. त्या झाडाच्या मालकाला दाखवायला घेतली आणि खिशातच राहिली होती. मी खिशात हात घातला, मूठ भरली आणि बाईंसमोर उघडली.

"बाई, आतून सगळा भुगा झालाय. एखाद्या वादळात घरावर येईल."

"काहीच इलाज नाही?"

"नाही."

मेहुणा खाली उतरला होता. बाईंनी त्याला विचारले. तो म्हणाला, "मला नाही तसं वाटत." मी बाईंदेखत म्हणालो, "याला चढता येतं. आतलं कळत नाही." त्याने माझ्या तळहाताकडे बघितले, मग भोकाखाली पडलेल्या किसाकडे बघितले. त्याला सगळे कळले. बहिणीचा संसार होता म्हणून तो बोलला नाही. दोराचे वेटोळे केले, माझ्या खांद्यावर अडकवले आणि निघून गेला. पुढे त्याच्याबद्दल तेच वाक्य मी दहा ठिकाणी बोललो. मग त्याला झाडांची कामे मिळेनात. एका गोदामावर रखवालदारी करून तो म्हातारा झाला.

बाई शाळेत असताना मी झाड पाडले. बुंधा आतून निरोगी होता. त्यांची शाळा सुटायच्या आत मी त्यावर माती ओढून पालापाचोळा पसरला. संध्याकाळी बाईंनी माझे आभार मानले. त्याच झाडाच्या अक्रोडांची पिशवीही दिली.

फळ्या पाडताना करवत त्या कडीला अडली. लोखंडामुळे भोवतीचे लाकूड निळेकाळे पडले होते. डाग टाळता आला नाही, तो टेबलाच्या मधोमध आला. बायकोने त्यावर विणलेला रुमाल घातला. त्याच टेबलावर मुलीने अभ्यास केला, आणि पंधराव्या वर्षी कारखान्यासाठी पाटी रंगवली: 'इथलं एकही लाकूड जिवंत झाडाचं नाही.' म्हणाली, "बाबा, लोकांना कळू दे तू कसा आहेस ते." मी ती दारावर ठोकली. तेव्हापासून त्या दारातून मी खाली बघून जातो. लोकांना वाटते, गुडघे.

बायको गेली तेव्हा बाई भेटायला आल्या. कप ठेवायला त्यांनी रुमाल सरकवला. डागावर बोट फिरवले. चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "लाकूड छान निघालं हो. पोकळ झाडाच्या मानाने." मी साखर आणतो म्हणून आत गेलो आणि आतच उभा राहिलो. साखरेचे भांडे टेबलावरच होते.

तर हे टेबल बाईंना द्यावे. मुलीने मागच्याच महिन्यात सांगितले होते, "बाकी काही नको, हे टेबल मला." तिची क्षमा मागतो. हे कलम तिने मामाला आणि बाईंना मोठ्याने वाचून दाखवावे. तेव्हा मी नसेन. सोय चांगली बघितली आहे मी स्वतःची.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. सही व्हायची होती. एक साक्षीदार डॉक्टरीणबाई. दुसरा येणारा शेजारी आला नाही, म्हणून मुलगी कोपऱ्यावर धावली आणि बाईंनाच घेऊन आली. तिला बिचारीला काय ठाऊक!

वकील म्हणाले, मजकूर वाचायची गरज नाही. बाई म्हणाल्या, "न वाचता मी प्रगतिपुस्तकावरसुद्धा सही केली नाही कधी." त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. मी टेबलाच्या कडेला नखाने खरवडत बसलो. वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितले.

वकील चाचरले. "बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. टेबल जाईल तुमचं."

"म्हणूनच तर साक्षीदार होतेय." मग माझ्याकडे वळल्या. "मला टेबल देऊन मोकळे होऊ नका. मुलगी इथेच उभी आहे. चार नंबर वाचा. तुम्ही. मग मी सही करीन."

मी वाचले. मुठीची ओळ दोनदा वाचावी लागली. मुलीने एकच विचारले, "आईला ठाऊक होतं?"

"रुमाल तिनेच विणला."

 तिने बाहेर जाऊन मामाला फोन केला, आणि कारखान्याच्या दाराला शिडी लावली. अर्ध्या तासाने मेहुणा आला. केस पांढरे, अंगात रखवालदाराचा सदरा. ती त्याला एका बाजूला घेऊन बोलली. मी शिडीवर पाय ठेवला, निदान पाटी तरी मी स्वतः उतरवावी म्हणून. मागून आवाज आला.

"दोर?"

सवयीने तोंडाशी "बांधला" आलेच होते.

"नाही बांधला," मी म्हणालो.

"मग उतरा खाली."

मी उतरलो. तो चढला, खिळे उपटले आणि पाटी मुलीच्या हातात दिली. माझ्या हातात नाही. शिडी मात्र मला धरू दिली.

म्हणून कलम ४ रद्द करून असे लिहितो: टेबल मुलीला, तिला अजून हवे असल्यास. ते तिने अजून सांगितलेले नाही. बाईंची एक अट आहे, ती मलाही आजपासून लागू आहे. डागावर काही घालायचे नाही.

लिहून देणार: सही

साक्षीदार १: सही, डॉक्टर
साक्षीदार २: सही, निवृत्त शिक्षिका, वय ८४, पूर्वीच्या अक्रोडाच्या मालकीण, संपूर्ण वाचून

स्थळ: जेवणाचे टेबल, रुमाल काढलेला
दिनांक: १२ मार्च, गुरुवार