त्यायच्याच शब्दांत

मौजे कोसमटोला, ता. गडचिरोली, जि. चांदा
८ जुलै १९५७

चि. केवळराम भावजी यांस रंभावहिनीचे अनेक आशीर्वाद.

सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, पण या खेपेस खोटं लिहवत नाई. तुमच्या दादाले महिना झाला, झोप नाई. बसल्या जागी कोणासंग तरी बोलते, मधीच चूप होऊन कान देते. म्या विचारलं तर म्हणे, काही नाई, तू आपलं काम कर.

मागच्या सोमवारी भर दुपारी अंगातल्या कपड्यानिशी तलावात उतरले आणि गळ्याइतक्या पाण्यात नुसते उभे राह्यले. शेजारच्या लटारूनं ओढून काढलं. मासे धरणाऱ्या ढिवराच्या माणसाले पाण्यातून ओढून काढा लागते, यावरून काय ते समजा. आत्याबाईनं, तुमच्या मायनं, त्याच दिवशी बैलाची साखळी आणून त्यायचा पाय ओसरीच्या खांबाले बांधला, कुलूप घातलं आणि चाबी आपल्या कमरेले खोसली. पूजाऱ्याले बोलावलं, त्यानं कोंबडं मागतलं, ते दिलं. फरक नाई.

तुम्ही नागपुरात वेड्याच्या इस्पितळात कंपाउंडर आहा. तिथल्या डाक्टरले सांगून औषध पाठवा. घेऊन या म्हणू नका. वैनगंगेले पूर आहे आणि माणूस खांबाले आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी,
रंभा


नागपूर, १५ जुलै १९५७

तीर्थरूप सौ. वहिनीस केवळरामचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्र वाचून हातातली बाटली खाली ठेवली. रोज सकाळी मी शेदीडशे माणसांना औषध पाजतो. त्यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी दादा म्हणत असेल हे आजवर डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर देशकरांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, माणूस न पाहता मी औषध देत नाही. मी तिथंच उभा राहिलो. मग चष्मा काढून म्हणाले, बरं, मला नाही दिसत तर तुझ्या वहिनीला दिसतं ना? तिच्या डोळ्यांनी पाहू. त्यांनी विचारलं आहे : दादाला किती झोप लागते, जेवण किती, मागे कधी असं झालं होतं का, ताप किंवा डोक्याला मार, आणि आवाज ऐकू येत असेल तर तो नेमकं काय म्हणतो. हे शेवटचं दादालाच विचारायचं आणि त्याच्याच शब्दांत लिहायचं. आपला शब्द त्यात घालायचा नाही. साखळीनं पायाला जखम झाली आहे का, हेही पाहून कळवा.

चौथी पास वहिनी आहे हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, तेवढं शिक्षण पुरे.

लहान दिरावर नजर असू द्या.
आपला,
केवळराम


कोसमटोला, २६ जुलै १९५७

चि. केवळराम भावजी यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं अक्षर म्हणजे चिखलातून बगळा चालला. लावायले अर्धा दिवस गेला. अशा अक्षरावर पोरगी कोण देईल?

झोप घडीभर. जेवण एक वेळ, तेही आत्याबाईनं भरवलं तर. मागे कधी असं झालं नाई, ताप नाई, मार नाई. पायाले जखम आहे, बोटभर. म्या हळद लावली.

आता शेवटचं. विचारायले म्हणून त्यायच्या जवळ जाऊन बसली तवा ध्यानात आलं, साखळी पडल्यापासून त्यायच्यासंग कोणीच बोललं नव्हतं. म्यासुद्धा. ताट सरकवायची आणि उठून जायची. पहिल्या दिवशी काही सांगतलं नाई. दुसऱ्या दिवशी उलटं मलेच विचारलं, तुले काऊन पाहिजे? म्या म्हटलं, नागपूरच्या डाक्टरले पाहिजे. तवा सांगतलं. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण डाक्टरनं त्यायच्याच शब्दांत म्हटलं म्हणून लिहिते :

‘तो मी करतो तेच बोलून राह्यते. सुकलू उठला. सुकलूनं पाणी पेलं. सुकलू बायकोकडे पाहून राह्यला. थांबतच नाई. पाण्यात कान बुडवले की बंद होते, म्हणून गेलतो. मले मरायचं नोयतं.’

भावजी, सारं गाव म्हणे जीव द्यायले गेला. मीबी तेच समजली होती. सांगून झाल्यावर ते रडले, आणि मंग अख्खी भाकर खाल्ली.

तुमची वहिनी,
रंभा


नागपूर, ४ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप सौ. वहिनीस शि. सा. नमस्कार.

डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं. म्हणाले, इथं समोर बसूनही मला इतकं कुणी सांगत नाही.

हा आजार आहे, ओळखीचा आहे. कुणी केलेलं नाही, कुणाचं पाप नाही. यावर आता नव्या गोळ्या निघाल्या आहेत. पण त्याआधी दादाला बैलगाडीत घालून गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात एकदा न्यावं लागेल. तिथल्या डॉक्टरांच्या नावचं पत्र सोबत आहे. ते तपासतील, वजन घेतील, आम्हाला लिहितील. मग गोळ्या पार्सलनं येतील : सकाळी एक, संध्याकाळी दोन. ग्लानी येईल, तोंड सुकेल, उन्हात फार बसू देऊ नये. पण डोळे पिवळे झाले किंवा ताप येऊन घसा धरला, तर पत्राची वाट न पाहता गोळ्या बंद करायच्या. ही ओळ मायलाही वाचून दाखवा.

झोप लागू लागली की साखळी काढायची. तलावावर मात्र एकटं जाऊ द्यायचं नाही.

आपला,
केवळराम


कोसमटोला, २३ ऑगस्ट १९५७

चि. केवळराम भावजी यांस अनेक आशीर्वाद.

लटारूच्या गाडीतून नेलं. वाटेत तुमचे दादा मधीच उतरले नाई. सरकारी डाक्टर तरुण आहे. पत्र वाचून त्यानंच आम्हाले खुर्ची देली. गोळ्या पोचल्या, पाच दिवस झाले. आता पहाटेपर्यंत झोपते. कालच्या दिवशी मले म्हणाले, जाळं उंदरं खाऊन राह्यले, काढून झटक.

पण साखळी तशीच आहे. आत्याबाई चाबी देत नाई. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणे, कागदाले काय जाते सांगायले, लेक माझा बुडन. मी भांडली नाई. माझ्या सासूचं आणि माझं बारा वर्षांत भांडण झालं नाई, आता या गोष्टीवर करायची नाई. माझ्या तोंडून ते डाक्टरचं बोलणं वाटते. तुम्ही लेकानं लेकाच्या भाषेत लिहा.

तुमची वहिनी,
रंभा


नागपूर, ३० ऑगस्ट १९५७

माय, केवळरामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वहिनी वाचून दाखवन.

तू दादाले बांधलं म्हणून मी रागावलो असं तुले वाटत असन. नाई रागावलो. त्या दिवशी तू बांधलं नसतं तर आज मी कोणाले पत्र लिहिलं असतं?

पण एक गोष्ट तुले कधी सांगतली नाई. इथी आले तवा लोकाच्या पायाले घट्टे असते. कोणाले दहा वर्षांचे, कोणाले वीस. आम्ही साखळी काढतो, तरी ते माणूस तेवढ्याच घेरात फिरते. साखळी होती तेवढ्याच. बरं झालं तरी फिरते. माय, हे त्यायच्या मायनंच केलं राह्यते, मायेनं. मी दर सकाळी पाहतो.

दादाचा पाय अजून दोन महिन्याचा आहे.

चाबी वहिनीले देऊ नको. तूच उघड.

तुझा,
केवळराम


कोसमटोला, २ ऑक्टोबर १९५७

चि. केवळराम भावजी यांस अनेक आशीर्वाद.

पुरानं डाक बंद होती. तुमचं मायले लिहिलेलं पत्र अठरा दिवसांनी पोचलं. मी वाचलं. आत्याबाई सूप घेऊन बसल्या, तांदूळ निवडले. मंग उठून कुलूप काढलं आणि साखळी घेऊन लटारूच्या गोठ्यात परत देऊन आल्या. आल्यावर दादाच्या पायाले तेल लावत बसल्या. दादा म्हणाले, माय, पुरे, गुदगुल्या होते.

आता वाईट ऐका. कुलूप काढल्याच्या आठव्या दिवशी आत्याबाईलेच दिसलं, दादाचे डोळे हळदीसारखे पिवळे. मी गोळ्या तिथंच थांबवल्या. बंद केलं तर आवाज परत येईन, दिलं तर काय होईन माहीत नाई, आणि विचारायले कोणी नाई. लटारूले चिठ्ठी देऊन सरकारी डाक्टरकडे धाडलं. त्यानंही बंदच म्हटलं. चार दिवसांनी आवाज आला. दादानं स्वतः येऊन सांगतलं, रंभा, तो पुन्हा लागला. बारा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं यायनं.

दिवसा आम्ही दोघी पाळीपाळीनं त्यायच्याजवळ बसतो. डोळे आता निवळले. पुढं काय करायचं ते लवकर कळवा.

तुमची वहिनी,
रंभा


नागपूर, १० ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप सौ. वहिनीस शि. सा. नमस्कार.

गोळ्या थांबवल्या हे अगदी बरोबर केलंत. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर प्रकरण जड गेलं असतं. त्या गोळ्या आता पुन्हा कधीही द्यायच्या नाहीत.

सोबत दुसऱ्या पाठवतो. या सर्पगंधेच्या मुळीपासून करतात. ती आपल्याच जंगलात उगवते हे मायला सांगा, पण मुळी उकळून पाजू नका म्हणावं, गोळीच द्यायची. नाक चोंदेल. मन फार उदास दिसलं तर लगेच कळवा. दर पंधरवड्याला सरकारी डॉक्टरांना दाखवा. गुण सावकाश येईल.

माझी दिवाळीची रजा मंजूर झाली नाही. राग धरू नका.

आपला,
केवळराम


कोसमटोला, २४ नोव्हेंबर १९५७

चि. केवळराम भावजी यांस अनेक आशीर्वाद.

मुळीची गोळी म्हटल्यावर आत्याबाई स्वतः उठून देते, वरून पूजाऱ्याले सांगते, हे तर आपलंच औषध. दादाचं वजन दोन शेर वाढलं. आवाज गेला नाई. डाक्टरले खरं तेच सांगा. कमी झाला आहे. दादा म्हणते, पयले कानात बोले, आता शेजारच्या घरी बोलल्यासारखा वाटते. परवा लटारूसंग तलावात जाळं टाकलं. आत्याबाई सारा वेळ पारीवर, तलावाच्या बांधावर उभ्या. लाज आली दादाले, म्हणे घरी जा. नाई गेल्या.

आता कामाचं. धानोऱ्याकडच्या चार घरांच्या एका टोल्यावरून बुधरी नावाची बाई दोन दिवस चालत आली. संग तिची लहान बहीण, इसरी, उमर वीस. घरचे म्हणते, अंगात आलं. बुधरीनं कुठी तरी ऐकलं, कोसमटोल्याची बाई कागदावर लिहून दवाई मागवते. मी म्हटलं, मी डाक्टर नाई. ती म्हणे, मले माहीत आहे, पण तुमाले लिहिता येते.

इसरी आंगणाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, बुधरीनं विचारलं, हूं नाई की चूं नाई. तवा दादा जाळं विणता विणता उठले आणि तिच्यापासून दोन हात दूर मातीत बसले. तिच्याकडे पाह्यलं नाई. मंग म्हणाले, माझं नाव सुकलू, बाई. या गोळीनं नाक चोंदते, पण झोप लागते.

पोरीनं मान वळवली. थोडं गोंडीत, थोडं आपल्या बोलीत ती बोलत राह्यली. दादाले गोंडी समजते, ते एकेक वाक्य मले सांगत गेले. मी लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत. तो कागद वेगळा जोडला आहे. तिचा दादाच्या कागदात मिसळू देऊ नका. सरकारी डाक्टरकडे तिले आम्ही उद्या लटारूच्या गाडीतून नेतो.

उत्तर लवकर धाडा. त्या दोघी आपल्याच घरी थांबल्या आहेत.

तुमची वहिनी,
रंभा