बाबांच्या नाकाची नोंद

अलास्का, उत्तर किनारा
१४ ऑक्टोबर

प्रिय अमोसदादा,

नमस्कार. अँकरेजला तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे आईचा गुडघा थंडीने आखडलाय, बाकी ठीक. यंदा गावाला तीनऐवजी एकच देवमासा मिळाला, तोही तीस मैल आत जाऊन. तेल कंपनीच्या पाहणीच्या जहाजांनी उन्हाळाभर पाण्यात धडाडधूम केल्यावर मासे किनाऱ्याशी कशाला येतील? तुझा वाटा परवाच्या विमानाने पाठवलाय. आठवणीने उतरवून घे.

फोनवर तू ओरडलास, "सगळं गाव विरोधात, आणि कंपनीच्या परवान्यात लिहिलंय की ज्येष्ठ शिकारी कप्तानाची हरकत नाही! बाबांनी काय तोंड शिवून घेतलं होतं?" मी म्हटलं, मला काय माहीत, आणि आईच्या गुडघ्यावर घसरले.

मला माहीत आहे.

परवाना कार्यालयाच्या त्या शहाण्यांना आम्ही सात वर्षं कंठशोष करून सांगतोय, सुनावणी सप्टेंबरात ठेवू नका, ऐन शिकारीचे दिवस असतात. गेल्या वर्षीही सप्टेंबरातच आले. बाबा बोटीवरून तसेच उठून आले, बुटांना चरबी. साहेबीणबाईंनी विचारलं, "समुद्रात तेलाची विहीर खणू द्यावी का?" मी आपल्या भाषेत विचारलं. बाबांनी नाक आक्रसलं. बस्स. मागच्या बाकावरची म्हातारी मंडळी खूश होऊन हसली. याहून स्पष्ट नकार कोणता असतो?

पण बाईंची मान कागदात. आणि वर पाहिलं असतं तरी काय कळणार होतं? तुझ्या लग्नाला होकार म्हणून आईने भुवया उंचावल्या, तर वहिनी बिचारी "आई रागावल्यात" म्हणून रडत बसली होती!

दुभाषी मी होते, दादा. बाबा शब्दाने बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. सगळ्यांना दिसलंच की, असं वाटलं. इथवर ती नुसती चूक होती.

डिसेंबरात सुनावणीची नोंद तपासायला माझ्याकडे आली. त्यात होतं, "उत्तर नाही. हरकत नोंदवलेली नाही." मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. दुरुस्ती मागायची तर दुभाषी चुकली असं लिहून द्यावं लागणार, आणि त्याच महिन्यात सरकारी दुभाष्यांच्या यादीत माझं नाव कायम व्हायचं होतं. शंभर माणसं विरोधात बोललीत, एका ओळीने काय होतंय, असं म्हणून सही ठोकली. त्यांनी शंभर माणसं सोडली आणि नेमकी तीच ओळ उचलली. स्वतःची इतकी चीड आलीय की काय सांगू.

वर बाबा गावभर सांगत फिरतात, "मी त्यांना तोंडावर 'नाही' म्हटलं! तरी परवाना दिला लबाडांनी." त्यांनी सुरुवात केली की मी चहाचा कप घेऊन उठते.

काल नाही उठले. सगळं सांगून टाकलं. बाबा सुरीला धार लावत होते, ते थांबले.

"तुला माझं नाक दिसलं होतं?"

"हो."

"मग दुभाषी कसली गं तू?"

बाबा रात्री जेवले नाहीत.

अपिलाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, असं तूच म्हणालास. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. बाबांनी नकार दिला, मी पाहिला, सांगितला नाही, आणि नोंद चुकीची आहे हे माहीत असून सही केली, असं सरळ लिहिलंय. तुझ्या वकिली भाषेत ते गुळगुळीत करू नकोस. यादीतून नाव जाईल. जाऊ दे.

आज सकाळी पाकीट चिकटवण्याआधी बाबांसमोर उभी राहिले. विचारलं, "पाठवू का? तुमच्या मुलीने काय केलं ते साऱ्या गावाला कळेल."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी भुवया उंचावल्या.

दादा, तुझ्या अपिलात लिहायचं तर लिही. बाबा "हो" म्हणाले.

त्यांची दुभाषी,
लीना