सोहारचा डिफेन्स संथ आहे

शुक्र. ८ जाने. २०१६

मस्कतहून सोहारला मॅच बघायला निघालो आणि वाटेत बरका गावातच अडकलो. रस्त्याकडेला गाड्याच गाड्या. बैलांच्या टकरी चाललेल्या. पाच मिनिटं म्हणून उतरलो. डोक्याला डोकं लावून ढकलतात, मागं सरेल तो हरला, खलास. एका म्हाताऱ्यानं शेजारी बसवून घेतलं, खजूर दिले. उठलो तेव्हा ऊन उतरलेलं. मॅच संपलीच असणार.

देशपांडे सरांचा फोन. कसे आहेत सोहारवाले? म्हटलं, अंगानं दांडगे. डोळ्यांसमोर बैलच होते.

शनि. ९

झोप नीट नाही. सरांनी भरवशानं पाठवलेलं. इथल्या आपल्या लोकांचा फुटबॉल कप तेच चालवतात, मस्कतला घुब्रातल्या फ्लॅटमधून, सगळ्यांशी गोड बोलून. आजवर मस्कत लीगचे चार संघ, सोहार लीगचे चार. यंदा मस्कतवाले म्हणतात आमची लीग तगडी, पाच घ्या. सोहारवाले म्हणतात, आधी येऊन बघा की. दोन्हीकडचे संघ वर्षभर एकमेकांशी खेळतच नाहीत, मग ठरवायचं कुणी? सर म्हणाले, हा कोल्हापूरचा, ह्याच्या रक्तात फुटबॉल.

कॉलेजच्या टीममध्ये मी राखीव होतो. कॉलेज सोडलं तोवर राखीवच. इथं सांगायचं राहून गेलं. म्हणजे, सांगितलं नाही.

शुक्र. १५

आज लवकर निघालो. वाटेत किनाऱ्यावरच्या सहम गावात चहाला थांबलो. जाळी सोडवणारे दोघं होडीत ये म्हणाले. गेलो. समुद्र असा सपाट की...

परतल्यावर चहावाल्यालाच विचारलं, सोहारच्या टीमा कशा? म्हणाला, पोर्टात राबून दमलेली माणसं, पळून पळून किती पळणार.

तेवढंच घेऊन घरी.

रवि. १७

सरांनी मत मागितलं म्हणून कपाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं. सोहारची लीग ताकदीवर चालते, पासिंग कमी, डिफेन्स संथ. वाचून पाहिलं तर पोकळ वाटलं. एखादी बारीक गोष्ट असली की लोकांना पटतं. म्हणून पुढं लिहिलं, सलीमभाईंच्या टीमचा डिफेन्समधला स्टॉपर वळायला वेळ घेतो.

स्टॉपर म्हणजे स्वतः सलीमभाईच. दापोलीकडचे, पोर्टात क्रेनवर. पहिली नोकरी सुटली तेव्हा त्यांच्याच खोलीत पडून होतो, कधी जाणार असं एकदाही विचारलं नाही. चाळिशीला आलेत. वाटलं, वेळ लागतच असेल.

बारा जणांनी अंगठा दाखवला. सर म्हणाले, ह्याला म्हणतात नजर. बरं वाटलं, तेच वाईट.

सोम. १८

ठरलं. मस्कतचे पाच, सोहारचे तीन. सलीमभाईंची टीम तिकडं चौथी. बाहेर.

ग्रुपवर सोहारवाले भांडले असते तर बरं झालं असतं.

बुध. २०

सलीमभाईंचा फोन. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. कपाबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "सोहारला आलास, मॅच बघितलीस, आणि न जेवता गेलास? असं करतात?"

म्हटलं, घाई होती.

मग म्हणाले, तू लिहिलंस ते बरं केलंस. पोरं तोंडावर बोलत नाहीत. वळताना उशीर होतो हे मला कसं कळणार? आता बूट पोरांना दिले, मी बाहेरून बघेन.

मी 'अहो' म्हणालो. मग फोन ठेवला.

शुक्र. २२

कुठं थांबलो नाही. बरका आलं, गेलं. आज सोहार लीगमधली सलीमभाईंच्या टीमची मॅच अख्खी बघितली, ग्राउंडच्या लांबच्या टोकाला, पाण्याच्या टँकरमागं उभा राहून.

पासिंग आहे. चांगलं आहे. मस्कतपेक्षा सरस? कळत नाही. मस्कतचीही एक मॅच मी धड शेवटपर्यंत पाहिलेली नाही, हे तिथं उभं असताना लक्षात आलं. सलीमभाईंच्या जागी एक नवखा, दर बॉलला बाहेर बघायचा, ते हातानं दाखवायचे, सरक, पुढं ये. साध्या चपला घालून उभे होते. ते असते तर डिफेन्स कसा दिसला असता हे आता कुणीच सांगू शकणार नाही, मी तर नाहीच.

न भेटता निघालो. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तर तिथं नव्हतोच.

गुरु. २८

सरांना फोन केला. म्हटलं, माझ्या मतावर जाऊ नका, परत बघू. हसले. "अरे, कपाचा ड्रॉ छापून झाला. आणि एवढं बरोबर बघितलंस की, आता मागं का सरतोस?"

खरं ते सांगायला तोंड उघडलेलं. तिकडून वहिनींनी हाक मारली, सरांनी फोन ठेवला.

शुक्र. २९

सलीमभाईंनी जेवायला बोलावलं, गेलो. सगळं सांगायचं असं वाटेत घोकत होतो. सुरमईचं कालवण, भात. खोलीत आम्ही दोघंच, बाकीचे नमाजहून यायचे होते.

म्हटलं, भाई, तुम्ही परत खेळा.

म्हणाले, "खेळतो की. पण काय सुधारायचं ते तरी कळू दे. कुठल्या गोलला वळायला उशीर झाला माझा? पहिल्या की दुसऱ्या?"

डोळे माझ्यावर. राग नव्हता, किंवा मला दिसला नाही. त्या दिवशी त्यांच्यावर गोल झाले की नाही, हेही मला ठाऊक नाही. घोकलेलं सगळं जिभेवर होतं.

"दुसऱ्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. म्हणाले, "जेव."